पहिल्या पानावरचा श्री

बाबांचा आवाज गेला तेव्हा त्यांची वऱ्हाडीही गेली. हे मी कोणाला सांगितलं की ऐकणारा हसतो, पण आमच्या घरात ते अगदी तसंच घडलं. शाळेत तीस वर्षं मुख्य लिपिक असलेला हा माणूस बोलायचा सोनाळ्याच्या बाजारातल्यासारखा आणि लिहायचा सरकारी परिपत्रकासारखा. अकोल्याला ऑपरेशन झालं, गळ्याला भोक पाडून नळी बसवली, आणि हातात पाटी आली. तंबाखूनं घसा खाल्ला होता, दुसरं काय! घरी परतल्यावर त्यांनी पाटीवर पहिलं वाक्य लिहिलं, ‘कृपया पाणी द्यावे.’ आईनं ते वाचलं, तांब्या खाली ठेवला आणि पदर तोंडाला लावला. एकोणतीस वर्षं ‘अवं, पाणी आन व’ म्हणणारा नवरा तिला कृपया म्हणत होता. पुढंही तसंच चाललं. ‘चहा थंड आहे, कळावे.’ ‘उशी वर घेणे.’ एकदा तर त्यांनी माझ्यासाठी लिहिलं, ‘आपण जेवलात काय?’ मी म्हटलं, ‘बाबा, मी तुमची पोट्टी आहे, शिक्षणाधिकारी नाही.’ ते हसले. नळीतून नुसती शिट्टीसारखी हवा आली.

आमचं घर म्हणजे एका ओळीत तीन खोल्या. समोरच्या खोलीत माझं कॉम्प्युटरचं टेबल, मधल्या खोलीत बाबांची खाट, मागं स्वयंपाकघर. मधलं दार कधीच बंद व्हायचं नाही, त्यामुळं घरात तीन आवाज सतत असायचे. माझ्या मशीनच्या पंख्याची घरघर, बाबांच्या नळीतली शीळ आणि आईची भांडी. त्यात बाबांची ठकठक. पाटीच्या पेन्सिलीनं खाटेच्या माच्यावर एकदा ठोकलं म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे आई, तीनदा म्हणजे मी. जेवण म्हणाल तर बाबांना फुणके फार आवडायचे. वाफवलेल्या डाळीचे ते मुटके कढीत बुडवून दहा-बारा सहज खायचे. आता फुणके आमच्या पानात आणि नुसती कढी त्यांच्या वाटीत, तीही गाळून. आई फुणके करायचं बंद करणार होती. बाबांनी पाटीवर लिहिलं, ‘वास येऊ द्यावा.’ मग दर आठवड्याला फुणके व्हायचे, ते समोर बसून वास घ्यायचे, आणि मला घास गिळताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतचं सांगितलं होतं. म्हणजे आम्हाला ठाऊक होतं. बाबांना तर सगळ्यात आधी. त्यांच्या अखेरच्या चार दिवसांत मी त्यांच्यापासून बारा पावलांवर होते आणि तिथं नव्हते, हे या प्रकरणात लिहायचं आहे. पुढं माझी सगळी नोकरी अशाच मशिनी दुरुस्त करण्यात गेली, पुष्कळ नाव झालं, पोरं ‘मॅडम, मॅडम’ करत मागं फिरतात. पण ते चार दिवस मी कधी कोणाला सांगितले नाहीत. आता पन्नाशी ओलांडली, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. आता लिहिलं नाही तर राहून जाईल.

मशीन जुनं, अकोल्याहून बसच्या टपावर आणलेलं. व्हायरसनं दोनदा सगळं खाल्ल्यावर मी त्यावर एका मासिकासोबत आलेल्या सीडीतून लिनक्स टाकलं होतं. सोनाळ्यात ते येणारी मी एकटीच, त्यामुळं मी नाकावर माशी बसू देत नव्हते. मशीन सुरू केलं की एक निळी चौकट यायची, नाव आणि पासवर्ड मागायची. तो दिला की मशीन माझी एक छोटी फाईल उघडून ओळीनं वाचायचं. पहिली ओळ की-बोर्डची, दुसरी पडद्याच्या रंगाची, आणि शेवटची ओळ विंडो मॅनेजरची, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या मांडणारा आणि हलवणारा जो प्रोग्राम असतो त्याची. तो चालू आहे तोवर मी आत. ती फाईल संपली किंवा मध्येच अडली, की मशीन समजायचं बाई उठून गेली, आणि पुन्हा ती निळी चौकट दारात उभी करायचं.

माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्याच मशीनमध्ये होता. बाबांच्याच शाळेचे दाखले काढायचा प्रोग्राम. जुन्या रजिस्टरांतले रकाने, शेरे, ‘वर्तणूक चांगली’ कुठं लिहायचं आणि ‘समाधानकारक’ कुठं, हे सगळं बाबांनी पाटीवर लिहून मला शिकवलं होतं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी तो कॉलेजात द्यायचा होता. दिला नाही तर वर्ष जाणार, आणि पुण्याच्या एका कंपनीनं दिलेलं तोंडी आश्वासनही जाणार. बाबांना तो चालताना बघायचा होता. ‘पहिला दाखला माझ्या समक्ष निघावा,’ असं त्यांनी लिहिलं होतं.

दसऱ्याला आमच्याकडं हत्यारांची पूजा. आईचा विळा, भाजी चिरायची पावशी, बाबांचा दौत-टाक, त्यांचा जुना टाइपरायटर, आणि त्या वर्षी पहिल्यांदा माझा कॉम्प्युटर. आईनं मॉनिटरवर हळदकुंकवाची बोटं ओढली, फुलानं पाणी शिंपडलं. मी म्हटलं, ‘आई, जरा दुरून!’ बाबा भिंत धरत खुर्चीवर येऊन बसले आणि पाटी पुढं केली. ‘यात पहिले पान कोणते?’ मला कौतुक वाटलं. मी त्यांना ती छोटी फाईल उघडून दाखवली. ‘हे पाहा, आत आलं की मशीन सगळ्यात आधी हेच वाचतं. हेच पहिलं पान.’ फाईलमध्ये लिहायचं कसं, जपून ठेवायचं कसं, हे त्यांना मी उन्हाळ्यातच शिकवलं होतं. पाटी भरली की ते कधीकधी मशीनवर पत्रं टाइप करायचे. मग शेजारच्या काकू सोनं द्यायला आल्या, मी आपट्याची पानं घ्यायला बाहेर गेले, गप्पांत दहा-पंधरा मिनिटं गेली. परत आले तर बाबा खाटेवर जाऊन डोळे मिटून पडले होते, चेहऱ्यावर फार समाधान. पूजेतलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नाही, म्हणून मी मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी नाव दिलं, पासवर्ड दिला. पडदा काळा झाला, क्षणभर फुलीसारखा कर्सर चमकला, आणि पुन्हा निळी चौकट. मला वाटलं चुकून बोट घसरलं. पुन्हा दिला. काळं, फुली, चौकट. पासवर्ड चुकला असता तर मशीन तसं म्हणालं असतं. हे काहीच म्हणत नव्हतं. आत घ्यायचं आणि लगेच बाहेर काढायचं. वीसेक वेळा झालं आणि माझं डोकं फिरलं. ‘कोणी हात लावला याले?’ मी ओरडले. रागात मीही वऱ्हाडीच बोलते. ‘कोन्या गाढवानं हात लावला सांगा मले! माहं वर्ष जाऊन राह्यलं इथं!’

आई पीठ मळता मळता धावत आली. ‘म्या त फकस्त कुंकू लावलं व अर्चे.’

‘अन् पाणी? पाणी कोनं शिंपडलं? आत गेलं न थे! मशीन आहे का दगडाचा देव?’

 हाताला पीठ तसंच, आई नुसती उभी राहिली. मग मधल्या खोलीतून ठकठकठक आली, तीनदा. मी म्हटलं, ‘आली बाबा, थांबा.’ पण गेले नाही.

त्यानंतरचे दिवस मी पाणीच शोधत होते. मशीन खोललं, आतली कार्डं काढून खोडरबरानं घासली, की-बोर्ड अंगणात उन्हात ठेवला, सीडीवरून पडद्याची मापं पुन्हा पुन्हा भरली. सगळं नव्यानं टाकता आलं असतं, पण मग प्रकल्प पुसला गेला असता. दिवसातून आठ तास लाइट नाही. लाइट आली की मी टेबलाशी, गेली की डोक्याला हात लावून तिथंच. माझी मैत्रीण नीता कॉलेजात यातली जाणकार, पण होस्टेल सुट्टीनं बंद आणि तिच्या गावचा फोन लागेना. मी आईशी बोलत नव्हते. ताट टेबलावर यायचं, मी ते न बघता सारायचे. तीन ठोके यायचे. ‘आली’, ‘थांबा’, ‘दोन मिनिटं बाबा’. शनिवारपर्यंत मी त्यांना एवढंच बोलले, हिशेब सोपा आहे.

शनिवारी ते स्वतः आले. दारापासून माझ्या टेबलापर्यंत यायला त्यांना किती कष्ट पडत असतील ते आज मला कळतं. माझं गुडघ्याचं दुखणं आहे, संडासापर्यंत जाताना मला रोज कळतं. माझ्या पाठीशी नळीची शीळ ऐकू आली. मी हातात स्क्रू ड्रायव्हर धरून मशीनमध्ये वाकले होते. त्यांनी पाटी माझ्या खांद्याला हलकेच लावली. मी वळले नाही. म्हटलं, ‘बाबा, नंतर.’ ते जरा वेळ उभे राहिले. मग पाटी छातीशी धरून गेले. मी हे नजरेच्या कोपऱ्यातून पाहिलं. म्हणजे मी पाहिलं, नाही पाहिलं असं म्हणायची सोयही मला नाही. त्या संध्याकाळपासून ते पाटीच्या एकाच बाजूला लिहायला लागले. आई म्हणाली, दुसरी बाजू खराब झाली असंल.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला पुन्हा तीन ठोके आले. माझ्या तोंडात स्क्रू होते, मी उत्तरसुद्धा दिलं नाही. मग आई त्यांना कढी भरवत होती ती मोठ्यानं ओरडली, ‘अर्चे!’ मी गेले तेव्हा वाटी सांडली होती, कढी चादरीवर पसरली होती, बाबा दोन्ही हातांनी गळा धरून वाकले होते. मी नळी साफ करायला गेले, शिकवलेलं काही आठवेना. डॉक्टर गावातलेच, ते स्कूटरवर येईपर्यंत वीस मिनिटं लागली. तोवर शीळ थांबली होती. मी स्क्रू कधी थुंकले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी झाडताना ते खाटेखाली सापडले.

सोमवार आला आणि गेला. वर्षही गेलं. पाहुणे आले, खाट भिंतीला उभी केली गेली, टाइपरायटर कोणी मागून नेला. आईशी मी तेव्हाही धड बोलले नाही, कारण माझ्या मनात ते पाणी होतंच. बाप गेला त्या घरात मी कुंकवाच्या पाण्यावर रुसून बसले होते! माणूस किती हलका असू शकतो, हे मी दुसऱ्या कोणाकडून शिकले नाही.

तेरावं झाल्यावर नीता भेटायला आली. बराच वेळ नुसती हात धरून बसली. मग काही करायचं म्हणून असेल, म्हणाली, ‘चल, तुझं मशीन बघू.’ मी म्हटलं, ‘पाणी गेलंय आत.’ तिनं मशीन चालू केलं, निळी चौकट आली, तिथं तिनं माझ्या नावाऐवजी मशीनच्या मालकाचं, म्हणजे रूटचं नाव दिलं, त्याचा पासवर्ड मला विचारला. पडदा काळा झाला आणि सगळं झक्क उघडलं. रंग, खिडक्या, सगळं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

‘पाणी-बिणी काही नाही गं,’ नीता म्हणाली. ‘मशीन चांगलं आहे. बिघाड तुझ्या घरात आहे.’

घर म्हणजे होम. प्रत्येकाच्या फायलींचा जो कप्पा असतो त्याला या मशीनमध्ये होमच म्हणतात, तिला एवढंच म्हणायचं होतं. स्वयंपाकघरात आईची भांडी थांबली.

नीता बाहेर पडली, नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावर गेली, आणि माझ्या कप्प्यातली एक फाईल उघडली. मला ती फाईल असते हेच ठाऊक नव्हतं. आत जाताना जे जे चुकतं ते मशीन तिथं निमूट लिहून ठेवतं. तीच तीच ओळ शंभर वेळा लिहिलेली होती. ओळ एक, अनपेक्षित खूण, दोन उभ्या रेघा. चार दिवस मशीन मला सांगत होतं आणि मी त्याच्या पोटात खोडरबर घासत होते. नीतानं मग ती छोटी फाईल उघडली. पहिलं पान. सगळ्यात वर, अगदी मधोमध यावं म्हणून आधी मोजून जागा सोडून, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं होतं,

|| shri ||

‘अगं, हे कोण गं वेडं?’ नीता हसली. ‘शेलला, म्हणजे ही फाईल वाचणाऱ्या प्रोग्रामला, दोन उभ्या रेघा म्हणजे “नाहीतर”. आधीचं जमलं नाही तर पुढचं कर. पहिल्याच ओळीत “नाहीतर” लिहिलं, ते बिचारं म्हणतंय, कशाचं नाहीतर? आधी काही आहे कुठं...’ आणि माझ्या तोंडाकडं पाहून ती गप्प झाली.

शाळेत नवं रजिस्टर आलं की बाबा पहिल्या पानावर लाल शाईनं, अगदी मधोमध श्री लिहायचे. दोन्ही बाजूंना पट्टीनं दोन-दोन रेघा. त्याआधी त्या रजिस्टरात एकही नोंद करू द्यायचे नाहीत. मुख्याध्यापकांनी घाई केली तरी नाही. मी त्यांना म्हटलं होतं, हेच पहिलं पान. मीच म्हटलं होतं.

आई दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. ‘सापडलं का?’ तिनं विचारलं.

‘तुले माहीत होतं?’

‘त्यायनं लिवलं होतं एवढं माहीत होतं. बिघाड त्याच्यानंच झाला का कशानं, मले काय समजते? थे मले सांगू देत नव्हते. पाटीवर लिवलं, मी स्वतः सांगणार. म्हून म्या बोलली नाई.’

‘मी तुले एवढं बोलली तरी?’

‘तू त्यायले गाढव म्हणली होती व. त्यायच्या तोंडावर पुन्हा म्हणली असती तं?’

ती देवघरात गेली आणि पाटी घेऊन आली. तिनं ती गणपतीमागं भिंतीला टेकवून ठेवली होती, लिहिलेली बाजू भिंतीकडं करून. कोपऱ्यातली अक्षरं उशीनं पुसट झाली होती, पण वाचता येत होतं. आवाज गेल्यापासून बाबांनी पहिल्यांदाच ‘कळावे’, ‘द्यावे’ असलं काही लिहिलं नव्हतं. ‘अर्चे, मायवर राग नोको काढू व. श्री म्याच लिवला. माहं चुकलं. पोट्टीचं काम चांगलं व्हावं म्हून लिवला.’

मी ते वाचलं आणि रडले, एवढंच. त्याला फार शब्द लावण्यात अर्थ नाही. आईनं माझं डोकं धरलं, तिच्या हाताला कांद्याचा वास होता. मी म्हटलं, ‘आई, मले माफ कर.’ ती म्हणाली, ‘मले कायले? जाऊ दे आता.’ पण ती पुढं कितीतरी वर्षं मशीनच्या टेबलाजवळ हळदकुंकू घेऊन गेली नाही. दसऱ्याला दारातूनच नमस्कार करायची. मी म्हणायचे, ‘ये न आई, लाव.’ ती म्हणायची, ‘राहू दे.’

नीतानं ती ओळ पुसायला बोट उचललं. मी तिचा हात धरला.

‘काऊन?’ तिनं मुद्दाम आमच्यासारखं विचारलं.

‘पुसू नको.’

मग तिनं मला दाखवलं. ओळीच्या आधी जाळीसारखी एक खूण टाकली, फोनच्या बटणांवर शून्याशेजारी असते तसली, तर मशीन ती ओळ वाचत नाही. पुढं जे लिहिलं असेल ते फक्त माणसांसाठी. ती खूण मीच टाकली. आजवर जितक्या मशिनी माझ्या हाताखालून गेल्या, त्या प्रत्येकीवरच्या माझ्या पहिल्या फाईलमध्ये ती जाळी आणि तिच्यापुढं तो श्री आहे. नवी पोरं विचारतात, मॅडम, हे काय? मी म्हणते, काम कर.

फाईल जपून ठेवली. पुन्हा निळी चौकट. नाव दिलं, पासवर्ड दिला. पडदा काळा झाला, फुली चमकली, आणि या वेळी फुली गेली नाही. हळूहळू रंग आला, खिडकी उघडली, तिच्यात दाखल्याचा कोरा नमुना, बाबांनी सांगितलेल्या रकान्यांसकट.

‘बाबा, झालं!’ मी ओरडले. ‘बाबा, चालू झालं!’

सवयीनं निघून गेलं तोंडातून. नीता खाली बघायला लागली. मधल्या खोलीत खाट भिंतीला उभी होती. माझे कान तीन ठोक्यांकडं लागलेले, आणि मला ते समजत असूनही मी तशीच बसून राहिले.

आईनं पाटी पदरानं झाकून उचलली आणि देवघराकडं वळली.

‘हाव,’ ती म्हणाली. ‘सांगतो मी त्यायले.’